दगड कोणाचा?

हवाईतल्या किलाउएआच्या उतारावर भूविज्ञानाचा विद्यार्थी वाहत्या लाव्ह्यात हातोडी खुपसतो आणि चिकटलेला गोळा पाण्याच्या बादलीत बुडवतो. चर्र! झटकन गोठल्यामुळे त्याची काच होते, नवे स्फटिक वाढत नाहीत.

पण हा नमुना, की ज्वालामुखीची देवी पेले हिचं अंग? लाव्ह्याच्या तापमानाचा ११०० अंश सेल्सिअस हा आकडा त्याचं उत्तर देत नाही.

१८२४ साली ख्रिस्ती झालेली सरदारीण कापिओलानी किलाउएआच्याच विवरात उतरली, देवीला न वाहता ओहेलोची फळं खाल्ली, सुखरूप परतली. पेले हरली म्हणावं, तर पर्यटक आजही तिच्या शापाच्या भीतीने उचलून नेलेले दगड टपालाने परत पाठवतात. (शापाची ही गोष्ट मात्र बरीच अलीकडची.)

२०१८ मध्ये लाव्ह्याने ७००हून अधिक घरं गिळली. शास्त्रज्ञ भेगा मोजत होते. काही रहिवासी त्याच भेगांपाशी ‘ती’ नावाच्या वनस्पतीची पानं पेलेला वाहत होते.