तिसरा वाटा

कोयनेच्या वीजगृहामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेलं पोफळी चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. इथल्यासारख्या कोकणी गावांत गणपतीला घर चाकरमान्यांनी भरतं. नेमकी तेव्हाच पाळी आली, तर शाळकरी पोरीला मखरापासून लांब बसवतात. शाळेत गर्भाशयाची आकृती तिने काढलेली असते. २०१८च्या अस्मिता योजनेने जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडही देऊ केले. पण ‘देवाला मी चालत नाही का?’ या तिच्या प्रश्नाला विज्ञानाच्या तासाला जागा नसते.

उत्तर मिळतं ते दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीच्या कहाणीतून. विटाळ न पाळलेली बाई पुढच्या जन्मी कुत्री होते आणि तिचा नवरा बैल.

या समजुतीचं मूळ तैत्तिरीय संहितेत सापडतं. इंद्राने देवांच्या पुरोहिताला, विश्वरूपाला मारलं आणि ब्रह्महत्येचं पाप भूमी, झाडं आणि स्त्रिया यांत वाटून दिलं. भूमीला भेगा आल्या, झाडांना डिंक, स्त्रियांना ऋतू. त्या बदल्यात स्त्रियांना संततीचा वरही मिळाला. लाल डिंक खाऊ नये, असंही तिथे सांगितलं आहे. तो निषेध आज कुणाच्या गावीही नाही; बाळंतिणीला डिंकाचे लाडू आपण प्रेमाने खाऊ घालतो. भूमीची तर पूजा करतो. पापाचा तिसरा वाटा तेवढा अजून मुलीकडून वसूल होतो. हा अन्याय आहे, आणि त्यासाठी धर्माचा आधार पुढे करणं त्याहून वाईट.

कारण याच मराठी मुलखात तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी पाळीला शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव मानलं. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी अभंगात विचारलं, की देह जन्मतोच विटाळातून, तर सोवळा देह कोणाचा? जातीचा विटाळ रोज सोसणाऱ्या बाईचा हा प्रश्न आहे.

‘तेवढीच बाईला विश्रांती,’ असं जुनी माणसं म्हणतात. स्वयंपाकातून सुटका व्हायची, हे खरं. पण शेण, लाकडं, धुणं ही बाहेरची कामं पुष्कळ घरांत तिच्याच माथी यायची. पोट दुखत असेल तर मुलीला झोपू द्यावं. त्यासाठी देवाची मनाई कशाला हवी?

म्हणून पोफळीच्या शाळेत पाळीचा तास घेताना मराठीच्या शिक्षकांनीही यावं, आया-आज्यांना बोलवावं. आकृतीसोबत सोयराबाईंचा अभंग वाचावा आणि कहाणीही, मग मुलींना हवं ते विचारू द्यावं.