बाटली फिरवून बघ

उभे राहा. हो, तूसुद्धा, आणि ग्लास आधी खाली ठेव. बॅचचं गेट-टुगेदर आहे, मला पाहुणा म्हणून बोलावलंय, सगळं मान्य. पण गेला अर्धा तास तुमच्या टेबलावरची चर्चा कानावर पडतेय आणि आता गप्प राहवत नाही.

एकजण अभिमानानं सांगतोय, ‘दुकानदार म्हणाला नवा माल आलाय, घेऊन बघा, म्हणून ही बाटली घेतली.’ दुसरा शहाणा म्हणतोय, ‘अरे, आतून सगळं एकच असतं, नाव तेवढं वेगळं.’ बाकीचे दोघं या दोघांनाही माना डोलावताहेत. चौघंही चाकण-भोसरीत क्वालिटीला! कंपन्या तुम्हाला पगार कशाचा देतात रे?

दारू पिऊ नका असं सांगायला मी उभा राहिलेलो नाही. ते तुमच्या आयांनी सांगून झालंय, बायका रोज सांगताहेत, आणि त्याचा परिणाम समोर टेबलावर दिसतोच आहे. मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. वेंडरकडून दोन रुपयांचा बोल्ट आला तर तुम्ही त्याचा हीट नंबर बघता, ड्रॉइंगची रिव्हिजन बघता, माल निघण्याआधीच्या तपासणीचा पीडीआय रिपोर्ट नसेल तर गाडी गेटवर उभी करता. ती गाडी कुरुळी फाट्याच्या ट्रॅफिकमधून दोन तास घासत आलेली असते, ड्रायव्हर हातापाया पडतो, तरी तुम्ही हलत नाही. शाबास. आणि जे पोटात जाणार, रक्तात मिसळणार, त्याच्या पुढच्या बाजूवरचा सोनेरी घोडा बघितला की तुमचं इन्स्पेक्शन संपलं!

फिरव ती बाटली. मागचं लेबल वाच, मोठ्यानं. चष्मा नाही? मोबाइलचा टॉर्च लाव. ‘मार्केटेड बाय’ अमुक. बरं, ते विकणारे झाले. खाली बघ. ‘ब्लेंडेड अँड बॉटल्ड बाय’ तमुक, पत्ता निराळाच, तालुका निराळाच. म्हणजे बनवणारा एक, नाव मिरवणारा दुसरा. बॅच नंबर, तारीख, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर, 42.8 टक्के अल्कोहोल, ‘महाराष्ट्रातच विक्रीसाठी’. हे सगळं छापलेलं होतं की नव्हतं? आणि त्याऐवजी ‘फक्त गोवा राज्यात विक्रीसाठी’ असं निघालं असतं, तर? तर तुम्ही चोरट्या मालाचे गिऱ्हाईक ठरला असता, आणि वर ‘सर, स्वस्तात मिळाली’ म्हणून मलाच सांगितलं असतंत.

आता तू, ‘आतून सगळं एकच’वाला. तुझं जास्त चुकलंय, कारण तुला अर्धवट माहिती आहे. चाकणच्या एकाच कारखान्यातून फोक्सवॅगनची व्हेंटोही निघायची आणि स्कोडाची रॅपिडही. सांगाडा एक, इंजिनं तीच, पुढची जाळी वेगळी. हे मला तूच समजावलं होतंस. पण त्याच परिसरातला एखादा वेंडर एकाच मशिनवर एका गिऱ्हाइकाला एका टॉलरन्सचा आणि दुसऱ्याला ढिल्या टॉलरन्सचा पार्ट काढून देतो, हेही तुला माहीत आहे. कारखाना एक म्हणून माल एक, असं तू तुझ्या ऑडिटरसमोर बोलशील का? मग इथं कसं बोलतोस?

अमेरिकेतही तुझे भाऊबंद आहेत. कॉस्टको नावाची मोठी दुकानसाखळी ‘किर्कलंड सिग्नेचर’ या स्वतःच्या नावानं दारू विकते. तिची फ्रेंच व्होडका म्हणजे आतून ग्रे गूज हा महागडा ब्रँडच, अशी अफवा वर्षानुवर्षं फिरली. ग्रे गूजवाल्यांनी ती नाकारली, तरी लोक बाटली घेऊन शेजाऱ्याला डोळा मारतातच. ट्रेडर जोज या तिथल्याच दुसऱ्या दुकानसाखळीनं 2002 मध्ये ‘चार्ल्स शॉ’ या नावानं 1.99 डॉलरला वाइन आणली. मूळ चार्ल्स शॉ यांचा नापातला धंदा केव्हाच बुडाला होता. नाव ब्रॉन्को वाइन कंपनीनं विकत घेतलेलं. माणूस गेला, मळा गेला, लेबल उरलं. आणि गंमत म्हणजे 2007 मध्ये त्याच स्वस्त वाइनच्या शार्डनेला कॅलिफोर्नियाच्या राज्य प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा दुकानाचं लेबल म्हणजे भिकार माल, असा उलटा निष्कर्षही काढू नका. चांगलाही असतो, वाईटही असतो. तपासल्याशिवाय कळत नाही, एवढंच. हे वाक्य तुमच्या इन्स्पेक्शन रूमच्या भिंतीवर लावलंय ना?

दुकानदाराला हा लेबलांचा धंदा का आवडतो, तेही ऐका. आपल्याकडे बाटलीवर एमआरपी छापलेली, त्याच्यावर एक रुपया लावता येत नाही. मग कमाई उरते ती कंपनीच्या स्कीममध्ये. जी कंपनी जास्त स्कीम देते तिची बाटली डोळ्यांच्या उंचीवर. आणि दुकानाचं स्वतःचंच लेबल असेल तर सोन्याहून पिवळं, कारण शेजारच्या दुकानात ती बाटलीच नाही, तुम्ही भाव ताडून बघणार कशाशी? आपल्याकडे परदेशासारखं उघडउघड दुकानाचं लेबल फारसं नाही, पण वारं त्याच दिशेचं आहे. मुंबईच्या ‘लिव्हिंग लिक्विड्झ’ दुकानांचे मोक्ष सानी 2023 मध्ये संजय दत्तसोबत ‘द ग्लेनवॉक’ ही स्कॉच घेऊन आले. ती इतर दुकानांतही मिळते, आणि यात लपवाछपवी काही नाही. पण विकणारा आणि बाटलीचा मालक एकाच बाजूला बसलेत, हे गिऱ्हाइकानं लक्षात ठेवायचं असतं. केरळात तर दारू विकतंही सरकारच आणि ‘जवान’ रम बनवतंही सरकारी कारखानाच, तिरुवल्ल्याचा त्रावणकोर शुगर्स. तिथं निदान बनवणारा कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि तुमच्या समोरची ही नवी नावं उगवली कुठून? जून 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारनं भारतीय बनावटीच्या स्वस्त विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट केलं. क्वार्टरचा किमान भाव झाला 205 रुपये. देशी 80 ला. मधली जागा रिकामी पडली, ती भरायला ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा प्रकार काढला. धान्यापासूनची, इथल्याच उत्पादकांची, किमान 148 रुपये. तुमच्या खिशाला 57 रुपयांचा फरक कळला, पण हा नवा प्रकार काय आहे, कोण बनवतं, एवढं विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही. दुकानदार म्हणाला ‘नवा माल’, की तुम्ही लगेच ‘द्या’. पर्चेसमधल्या माणसानं असा माल उचलला असता तर त्याची चौकशी लागली असती.

वाइन पिणारी ती दोघं कोपऱ्यात हसताहेत. हसू नका. हाच नाशिक रस्ता धरून चाकण, खेड, मंचर ओलांडा, नारायणगाव लागतं. तिथं शामराव चौगुल्यांनी 1980च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञ आणून फसफसणारी वाइन काढली आणि ती परदेशात ‘ओमर खय्याम’ नावानं गेली. द्राक्ष जुन्नरच्या मातीतलं, नाव पर्शियन कवीचं, तंत्र शँपेनचं. त्यांची कंपनी पुढं कर्जात बुडाली, तो भाग निराळा. तुम्ही दर रविवारी त्याच रस्त्यानं लेण्याद्रीला जाता, तुमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? नाशिकच्या वाइनची फ्रेंच वाटणारी नावं मात्र तोंडपाठ.

जाता जाता, दारू पिण्याचं परमिट आहे का कुणाकडे? एकाही हाताची हालचाल नाही. विदेशी दारूचं एका दिवसाचं पाच रुपयांना मिळतं, जन्मभराचं हजारात. हजार रुपयांचा चकणा संपवलात आत्ता.

आणि तू, खिशातून कागद काढून मघापासून सगळ्यांना दाखवतोयस तो. सासऱ्यांचं वाइन शॉप आहे, आता स्वतःचा ब्रँड काढायचाय, डिझायनरकडून लेबल करून आणलंय. दे इकडं. किल्ला आहे, भगवा सूर्य आहे, सोनेरी अक्षरात तुझ्या पोराचं नाव आहे. पोराचं नाव दारूवर, त्याबद्दल तुझ्या बायकोशी मी वेगळं बोलेन. स्पिरिट कुठून घेणार? धान्याचं की मळीचं? भरून देणाऱ्या कारखान्याचा परवाना कुठला? उत्पादन शुल्क खात्याकडे हे लेबल मंजुरीला जायचंय, माहीत आहे का? ‘ते बॉटलिंगवाला बघेल’ म्हणतोस. मग तू काय बघणार, सूर्य? पुढून-मागून सगळा कागद चित्रानं भरलाय, बनवणाऱ्याचं नाव छापायला जागाच ठेवलेली नाहीस. हे परत घेऊन जा, आधी कारखान्यात जाऊन ये, त्याचं नाव-पत्ता यावर छाप, तोही वाचता येईल एवढ्या अक्षरात, आणि मग मला दाखव. बसा आता.