‘येईल परत’ असे कोणी म्हणावे?



बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला, तेव्हा तो नातलगांच्या घोळक्यात असेल, असे समजून मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. तो सापडला तिसऱ्या दिवशी. रोझरीच्या आनंदाच्या पाचव्या रहस्यात आपण या घटनेचे मनन करतो. आईबापांची अशी समजूत आपण समजू शकतो. परंतु रडत ठाण्यात आलेल्या आईला ‘येईल परत’ सांगून घरी पाठविण्याचा अधिकार पोलिसांना आहे काय?

नोएडातील निठारी येथे २००५ पासून मजुरांची मुले बेपत्ता होत होती. आपल्या तक्रारींकडे पोलिसांनी लक्ष दिले नाही, असे पालक सांगत राहिले. डिसेंबर २००६ मध्ये नाल्यातून मुलांचे सांगाडे निघाले. पुढे खटले चालले, पण २०२५ पर्यंत खुनाच्या सर्व शिक्षा रद्द झाल्या. वेळेवर न झालेला तपास नंतर भरून काढता येत नाही.

पुष्कळ मुले आपणहून परततात, पोलिसांवर कामाचा ताण असतो, हे खरेच. पण चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. मूल मावशीकडे निघाले, तर पोलिसांचे काही तास वाया जातात. ते पळविले गेले असेल, तर त्याच काही तासांत त्याचा जीव जातो. ही दोन नुकसाने एका तराजूत घालता येत नाहीत. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी सांगितले की, बेपत्ता मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी व उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करी गृहीत धरावी. ‘आमची हद्द नाही’ हे कारणही कायद्याने आता चालत नाही.

नव्व्याण्णव मेंढरे सुरक्षित आहेत, म्हणून मेंढपाळ स्वस्थ बसला नाही. हरवलेले मेंढरू कोणत्या प्रतीचे, हेही त्याने विचारले नाही.

आपलेही कर्तव्य आहे. मुलगी घरी आली नाही, तर ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने रात्र घालवू नये. चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही. अलीकडचा फोटो घेऊन लगेच ठाण्यात जावे. १०९८ किंवा ११२ वर कळवावे. आणि शेजारच्या भाड्याच्या खोलीतील परप्रांतीय मजुराचे लेकरू हरवले, तर त्याच्यासोबत आपणही ठाण्याची पायरी चढावी. एकट्या गरिबाचा शब्द पुष्कळदा हलका ठरतो. त्याला वजन देणे आपल्या हाती आहे.