स्वभाव की दुखणे?



सन १८४८. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंग अवेळी उडाला. मीटरभर लांबीची लोखंडी पहार मुकादम फिनिअस गेज याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला. पण पूर्वीचा समंजस गेज आता हट्टी व शिवराळ झाला. हा आपला गेज नव्हेच, असे मित्र म्हणू लागले. त्याच्या कपाळामागील मेंदूला इजा झाली होती. राग आवरणे, विचार करून वागणे ही कामे मेंदूच्या त्याच भागावर अवलंबून असतात.

आपल्या घरांतही पक्षाघातानंतर वडील चिडचिडे होतात. स्मृतिभ्रंश झालेली आजी सुनेवर चोरीचा आळ घेते. आपण म्हणतो, ‘म्हातारीचा स्वभावच वाईट.’ मग त्या घरी आपले जाणे-येणे थांबते आणि सून एकटी पडते. जे दुखणे आहे, त्याला आपण दोष ठरवतो.

गेज पुढे चिली देशात काही वर्षे प्रवासी घोडागाडी हाकत होता. कोणीतरी त्याच्या हाती पुन्हा लगाम दिला होता.

प्रभू येशू आजाऱ्यांना टाळत नसे. या रविवारी मिस्सानंतर अशा एका घरी आपण जाऊ या. गरज असल्यास डॉक्टरांकडे नेण्यास मदत करू या, सांभाळणाऱ्या सुनेला तासभर विसावा देऊ या. हे प्रभो, न्याय करण्याआधी समजून घेण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.