सहल आणि मनुष्यऋण

चार दिवस घर सोडून कोठें तरी जावें व मन ताजें करून परत यावें, ही इच्छा मनुष्यास स्वाभाविक आहे. परंतु तिच्यासाठीं वर्षभर पैसे साठवून रीतसर बेत आंखावा, ही चाल आपल्या मध्यम वर्गांत फार जुनी नाहीं. आपले पणजोबा घराबाहेर पडत तें काशीस किंवा पंढरपुरास जाण्याकरितां. त्या प्रवासांत सुख थोडें व पुण्य पुष्कळ, अशी समजूत असे. आणि वाटेंत ज्यानें तांब्याभर पाणी दिलें किंवा ओसरीवर निजूं दिलें, त्याची आठवण परत आल्यावर घरांत पुष्कळ दिवस निघे. आजच्या सहलींत सुख पुष्कळ आहे, व त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. विचार करण्याजोगा प्रश्न एवढाच आहे कीं, ज्याच्या हातून तें सुख आपणांस मिळतें त्याची आठवण आपल्या घरीं निघते काय?

हा प्रश्न कोणत्याही सहलीस लागू पडेल. परंतु अरबस्तानाच्या किनाऱ्यावरील दुबई शहरीं तो जितका स्पष्ट दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसेल. शिवाय हें शहर आतां आपणांस दूरचें राहिलेलें नाहीं. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, लाखांदूर तालुक्यांत, दिघोरी नांवाचें गांव आहे. तेथील एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकाच्या घरीं दुबईचा बेत चालला आहे असें ऐकलें, तरी आज कोणास नवल वाटूं नये. मुलगा नागपुरास नोकरीला असतो. तो चार रात्री व पांच दिवसांचा आराखडा आणतो. उन्हाळा टाळून नोव्हेंबर ते मार्च यांमधले दिवस निवडले जातात. व्हिसाचे कागद गोळा होतात. मग कागदावर क्रम लागतो : पहिल्या दिवशीं २०१० सालीं खुली झालेली ८२८ मीटर उंचीची इमारत, दुसऱ्या दिवशीं वाळूच्या टेकड्यांवरून मोटारीची रपेट, तिसऱ्या दिवशीं भर वाळवंटांत छपराखालीं केलेला बर्फाचा उतार. आजी, सून, नातवंडें सर्वांचा विचार त्यांत झालेला असतो. सगळें कुटुंब एकत्र जाणार, ही त्या बेतांतली खरी गोडी होय.

दिघोरीच्या मनुष्यास तेथील आश्चर्य इतरांहून अधिक जाणवेल. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानें येथें तलाव व बोड्या बांधल्या, आणि त्यांवर धानाच्या बांध्या पिकूं लागल्या. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, व 'माजी मालगुजारी' या शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन लोक त्यांस 'मामा तलाव' म्हणूं लागले. येथें वर्षास हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तरी तो पुरेल किंवा नाहीं ही काळजी प्रत्येक आषाढांत असतेच. उलट दुबईस एकही नदी नाहीं. तेथें पिण्याचें जवळजवळ सर्व पाणी समुद्राचें खारें पाणी गोडें करून मिळवितात, व त्यास इंधन लागतें. अशा जागीं उद्यानें आणि कारंजीं उभीं करणें हा मोठा पराक्रम होय. त्याचें कौतुक न करणें हा कोतेपणा ठरेल. परंतु ज्याच्या आजोबानें तळ्याची पाळ खांद्यावर माती वाहून बांधलेली आहे, त्याच्या मनांत पराक्रम पाहतांच एक साधा प्रश्न उठला पाहिजे : ही माती वाहिली कोणीं?

या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास आपण या किनाऱ्यास नवे नाहीं, हेंही ध्यानांत येतें. मराठी घरांतील नथीला जे पाणीदार मोती लागत, त्यांस आपण बसऱ्याचे मोती म्हणत आलों. ते त्याच आखातांतून निघत व मुंबईच्या बाजारांत येत. मोती काढणारे पाणबुडे हंगामाआधीं नावेच्या मालकाकडून उचल घेत, आणि ती फिटेपर्यंत, म्हणजे पुष्कळदां जन्मभर, त्याला बांधलेले राहत. १९३० च्या सुमारास जपानांतील पैदा केलेल्या मोत्यांनीं व जागतिक मंदीनें हा व्यापार बुडाला. पुढें १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारांत आपला रुपयाच चाले. त्या मुलुखासाठीं रिझर्व्ह बँकेनें १९५९ सालीं निराळ्या नोटाही काढल्या होत्या. त्याच १९६६ सालीं तेथें तेल सांपडलें, आणि देवघेवीची दिशा पालटली. पूर्वीं तिकडचे मोती इकडे येत. आतां इकडचीं माणसें तिकडे जाऊं लागलीं. नथ घालणाऱ्या आपल्या आज्यांनीं पाणबुड्याचा विचार केला नाहीं, म्हणून त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. तो त्यांस दिसण्याचा संभवच नव्हता. आपलें तसें नाहीं. आपण त्याच्या दारीं जाणार आहों.

दुबईंतील रस्ते, इमारती, उपाहारगृहें व विश्रामगृहें ज्यांच्या श्रमावर चालतात ते बहुतांशीं परदेशचे, व त्यांत भारतीय फार. ज्याचा पगार ठराविक रकमेहून कमी त्यास बायकोमुलें आणून तेथें ठेवतां येत नाहींत. नोकरी संपली कीं राहण्याचा हक्कही सामान्यतः संपतो. कायद्यानें मजुराकडून भरतीचें शुल्क घेण्यास मनाई असली, तरी दलालाचे पैसे भागविण्यासाठीं घरीं कर्ज काढून गेलेले पुष्कळ असतात. शहराच्या कडेला मजुरांच्या वसाहती आहेत. त्यांतील एका मोठ्या वसाहतीस लोक 'सोनापूर' म्हणतात. हें नांव सोन्याच्या आशेनें पडलें असावें. परंतु जुन्या मुंबईकरास सोनापूर म्हटलें कीं स्मशानच आठवेल. उन्हाळ्यांत, १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत, दुपारीं साडेबारा ते तीन या वेळांत उघड्यावर काम करविण्यास तेथें बंदी आहे. बंदी चांगलीच आहे. पण ती घालावी लागते यावरूनच तें ऊन कसें असेल याची कल्पना करावी. सहलीचा बेत करणारा नेमका तो ऋतु टाळतो. त्यामुळें ज्या उन्हांत ती उंच इमारत चढली, तें ऊन त्याला कधींच दिसत नाहीं.

येथें आम्हांस या प्रश्नाचें मर्म सांपडतें. दिघोरीचें कुटुंब पांच दिवस ज्या सुखासाठीं तेथें जातें, तें सुख म्हणजे एकत्र असणें. आणि त्यांचें ताट उचलणारा, त्यांच्या खोलींतील चादर बदलणारा मनुष्य त्याच शहरीं वर्षानुवर्षें राहूनही नेमक्या त्याच सुखास मुकलेला असतो. त्याच्या मुलाचें पहिलें पाऊल त्यानें फोनच्या पडद्यावर पाहिलेलें असतें. आपल्या सुट्टीची किंमत आपण रुपयांत मोजली. तिचा एक भाग दुसऱ्या कोणीं दुराव्यानें भरलेला आहे.

यावर एक सबळ आक्षेप येईल. तो मजूर स्वखुषीनें गेला आहे; गांवीं मिळालें असतें त्याहून अधिक तो मिळवितो; आपण गेलों नाहीं तर त्याचेंच काम जाईल. हें म्हणणें खोटें नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणें २०२३-२४ सालीं परदेशांतून भारतीय कुटुंबांकडे आलेल्या पैशापैकीं सुमारें १९ टक्के पैसा संयुक्त अरब अमिरातींतून आला. त्या पैशानें घरें झालीं, बहिणींचीं लग्नें झालीं, मुलें शिकलीं. म्हणून सहलीवर बहिष्कार घाला, असें सांगण्यास आम्ही धजत नाहीं. परंतु मोबदला दिला म्हणजे संबंध संपला, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. दाईस तिचे पैसे दिलेले असतात. तरी तिच्या हातून जन्मलेलें मूल तिला ओळखीत नाहीं, हें कोणा आईस रुचेल?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. दुबईपर्यंत जावयास कशाला पाहिजे? दिघोरीच्या बांधींत गुडघाभर चिखलांत वांकून रोवणी करणाऱ्या बाया कोणाचें सुख पिकवितात? नागपुरांतील इमारतींवर विटा वाहणारे कोणाचें घर सोडून आलेले असतात? हा आक्षेप आम्ही पूर्णपणें स्वीकारतों. गांव निष्पाप व वाळवंटांतलें शहर पापी, असा निवाडा करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. भेद आहे तो एवढाच कीं, दिघोरींत रोवणी करणारीचें नांव शेतवाल्याच्या घरीं ठाऊक असतें. तिची मुलगी कोणत्या इयत्तेंत आहे हें माहीत असतें. तिच्याशीं भांडणही नांवानेंच होतें. दुबईंत सर्व व्यवस्था इतकी सफाईदार आहे कीं, श्रम करणारा दिसूं नये यांतच तिची कुशलता मानली जाते. अन्याय दोन्हीकडे असूं शकेल. पण जेथें माणूस दिसतो तेथें लाज वाटण्याचा संभव असतो, व लाजेखेरीज सुधारणा होत नाहीं.

आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं तीन ऋणें सर्वांस ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणांत यांच्या जोडीला चौथें सांगितलें आहे, तें मनुष्यऋण. मनुष्य जन्मतः इतर मनुष्यांचा ऋणी असतो, आणि त्यांस आसरा व अन्न देऊन तो त्या ऋणांतून मोकळा होतो, असा त्याचा भाव आहे. सहलीस निघालेला मनुष्य या दृष्टीनें विलक्षण स्थितींत असतो. तो पांच दिवस केवळ आसरा व अन्न घेतच असतो. आणि तें ज्यांच्या हातून घेतो त्यांस त्या शहरीं स्वतःचें घर नसतें. पैसे देऊन त्याचें बिल फिटतें. ऋण तसेंच घरीं येतें.

मग तें फेडावें कसें? आराखड्यांत एखादी दुपार अशी ठेवावी कीं तींत पाहण्याजोगें कांहीं नाहीं. जुन्या खाडीवर लाकडी होड्या चालतात. त्यांतून या तीरावरून त्या तीरावर जावें. होडीवाला, हमाल, चहा देणारा यांच्याशीं हिंदींत बोलतां येतें. मुलांना त्यांस गांव विचारूं द्यावें, व सांगितलेलें गांव परत आल्यावर नकाशांत शोधावयास लावावें. नळ सोडतांना तें पाणी कसें झालें हें त्यांस सांगावें. तळ्याकांठच्या मुलांना तें लौकर कळेल. परंतु खरी फेड घरींच व्हावयाची आहे. धानाच्या कापणीस परगांवचीं कुटुंबें येतात, वीटभट्टीवर येतात. त्यांस रात्रीं पाठ टेकावयास कोरडी जागा आहे काय, त्यांचीं मुलें त्या महिन्यांत शाळेंत बसतात काय, हें विचारणें शिक्षकाच्या घरास सहज शक्य आहे. ज्यानें परक्या देशीं पांच दिवस लोकांचा आसरा घेतला, त्याला आपल्या दारच्या परक्याची अडचण अधिक नीट दिसावयास हवी.

सहलीनें मन मोठें होतें असें आपण मुलांस शिकवितों, व निबंधांतही लिहवून घेतों. तें खरें ठरविण्याची एकच कसोटी आहे. परत आल्यावर त्या उंच इमारतीचे किती मजले होते हें मुलांनीं सांगितलें, तर सहल झाली असें समजावें. तिच्या दाराशीं उभा राहणारा मनुष्य कोणत्या गांवचा होता हेंही सांगितलें, तर पैसा सत्कारणीं लागला असें समजण्यास हरकत नाहीं.