चिकित्सक ग्राहकाची उलटतपासणी

आमच्या नातेवाइकांत कुणाला साधा मिक्सर घ्यायचा असला तरी आधी मला फोन येतो. फ्रिजवरच्या ताऱ्यांचा अर्थ काय, वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत काय दडलंय, 'पन्नास टक्के सूट' लावण्याआधी मूळ किंमत किती होती, हे सगळं मी न कंटाळता सांगतो. 'त्याने हो म्हटलंय ना, मग डोळे झाकून घ्या,' असं माझ्या पाठीमागे बोललं जातं आणि ते ऐकायला मला आवडतं. चिकित्सक ग्राहक ही माझी घरातली पदवी. ती मी कष्टाने कमावली आहे, असं परवापर्यंत वाटत होतं.

परवा रद्दी काढताना मुलाच्या दहावीच्या वह्यांत चार घड्या घातलेला एक फुलस्केप सापडला. वर लिहिलं होतं, 'पीएस 5 : बाबांसाठी'. प्लेस्टेशन 5 आपल्याकडे 2 फेब्रुवारी 2021 ला आला, त्या आधीच्या आठवड्यात त्याने हा कागद माझ्या हातात दिला होता. मी तेव्हा पहिली ओळ वाचली होती. ती होती 49,990 रुपये. तेवढं वाचून कागद परत केला होता. या वेळी रद्दीच्या ढिगाऱ्यावर बसून तो पूर्ण वाचला.

पोराने दोन रकाने आखले होते. एकात डिस्क न लागणारं डिजिटल मॉडेल, 39,990. दुसऱ्यात डिस्कचं, 49,990. त्याने महागातलं निवडलं होतं आणि कारण दिलं होतं: 'डिस्क विकता येते, मित्राला देता येते. डिजिटल गेम विकता येत नाही. नवा गेम 4,999 ला. आम्ही चौघांनी एकेक घेऊन फिरवला तर प्रत्येकाला चार गेम.' खाली स्वतःच्या शिलकीचा हिशोब होता, 11,400. पंधरा वर्षांच्या मुलाने मांडलेला हा खरेदीचा विचार माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या एकाही मोठ्या माणसाने कधी केलेला नाही.

मी त्याला काय उत्तर दिलं होतं ते अजून लख्ख आठवतं, कारण ते मला स्वतःला फार आवडलं होतं. मी म्हणालो, "अरे, हल्ली गेम विकत घेतला तरी तो तुझा होत नाही. कंपनी फक्त वापरायची परवानगी देते. उद्या तिच्या मनात आलं तर काढून घेईल." मग दाखले. 2009 साली ॲमेझॉनने लोकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली, आणि त्यांत नेमकं ऑरवेलचं '1984' होतं. 2010 साली सोनीने प्लेस्टेशन 3 वर लिनक्स चालवायची सोय एका अपडेटमध्ये बंद केली. ज्यांनी ती सोय बघून यंत्र घेतलं होतं ते हात चोळत बसले. 2007 साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 मध्ये इतके बिघाड निघाले की हमी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. एकही साल चुकलं नाही. पोरगं गप्प बसलं.

मेख इथेच आहे. पुस्तकाचा दाखला डिजिटल वस्तूचा होता आणि पोरगा डिस्क मागत होता. डिस्क कपाटात राहते, विकता येते, डब्यासकट मित्राच्या घरी जाते. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. आठवडाभर रात्री जागून मी त्याच विषयावर वाचत होतो. तरीही खऱ्या गोष्टी ओळीने मांडून मी त्याला एका खोट्या निष्कर्षावर आणून सोडलं. जाहिरातवाले हेच करतात, आणि त्यांनी केलं की मी त्यांना लबाड म्हणतो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. 'दहावी झाली की बघू' असंही मी म्हणून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये करोनामुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली. मी लगेच म्हणालो, "परीक्षा नाही, तर बक्षीस कसलं?" जुलैत राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला, तेव्हा तेही त्याच्यासमोर वाचून दाखवलं. त्याने वाद घातला नाही. त्याला मी समजूतदारपणा असं नाव देऊन टाकलं.

मधल्या काळात एकदा सुटकेची वाट सापडल्यासारखं झालं होतं. 31 मार्च 2024 ला युबिसॉफ्टने 'द क्रू' या मोटारींच्या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले. 2014 साली निघालेला तो खेळ सर्व्हरशिवाय चालतच नव्हता, त्यामुळे ज्यांच्याकडे त्याची डिस्क होती त्यांच्या हातात नुसती चकती उरली. बातमी वाचून मला आनंद झाला. 'बघ, मी म्हणालो होतो' हे वाक्य ओठांवर आलं. जगात कुठेतरी हजारो लोकांचे पैसे बुडाले आणि आपलं जुनं खोटं थोडं खरं ठरलं म्हणून मी खूश होतो. शिवाय मुलाने कागदावर लिहिलेल्या यादीतले खेळ एकट्याने खेळायचे, डिस्कवरून चालणारे होते. म्हणजे ती वाटही बंदच होती.

माझा हा संशयी स्वभाव आला कुठून, याचा शोध घेताना मी एका कॅसेटपाशी पोचतो. साल 1992 किंवा 93. आमच्या बिल्डिंगमध्ये एका मित्राकडे टीव्ही गेम आला होता. निन्टेन्डोचं मूळ यंत्र जपानमध्ये 1983 सालचं. आमच्याकडे पोचली ती त्याची बिनपरवाना नक्कल. मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायची बंदूक. कॅसेट लागली नाही की तोंडाजवळ धरून फुंकर मारायची, हा आमचा सार्वत्रिक उपाय. त्या फुंकरीतल्या ओलाव्याने आतले पत्रे गंजतात हे पुष्कळ वर्षांनी कळलं. मी साठवलेल्या पैशांतून लॅमिंग्टन रोडवरून एक कॅसेट आणली. तिच्यावर छापलं होतं, 9999 खेळ. सुट्टीत आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसलो आणि मोजले. वेगळे खेळ निघाले सात. बाकी सगळे तेच, कधी दुसऱ्या पातळीपासून सुरू होणारे, कधी नुसतं नाव बदललेले. त्या दिवशी मी ठरवलं की छापलेल्या आकड्यावर पुन्हा विश्वास ठेवायचा नाही.

ही गोष्ट मी लग्नकार्यांत रंगवून सांगत आलो आहे. तिच्यातला एक तपशील मात्र नेहमी गाळतो. ती कॅसेट चोरीच्या खेळांची होती. ज्यांनी ते खेळ तयार केले त्यांना माझ्या पैशांतला छदामही मिळाला नाही. म्हणजे मी चोरीचा माल घेतला आणि चोराने मापात मारलं म्हणून आयुष्यभर बोंब मारत राहिलो. माझ्या चिकित्सेचा पायाच असा भुसभुशीत आहे.

आमचे वडील, अण्णा, तेही संशयी होते. 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे ते सभासद. दर महिन्याला शेजारच्या कुटुंबांची यादी एकत्र व्हायची, माल घाऊक यायचा आणि वितरणाच्या दिवशी कुणीतरी तांदूळ, कुणीतरी साबण मोजून द्यायचं. अण्णा वजनकाट्याशी उभे राहत. बाजारातही दुकानदाराने मापात हात मारला की ते मागच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलत. मला लाज वाटायची. आज कळतं की त्यांचा संशय काट्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसावर होता, आणि त्यात रांगेतल्या सगळ्यांचं भलं होतं. माझा संशय जेवणाच्या टेबलावर, ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर चालतो.

हे मी उगाच स्वतःला बोल लावायला म्हणत नाही. पुरावा आहे. आमच्या वॉशिंग मशीनचा सर्किट बोर्ड गेला. वाढीव वॉरंटी मी पैसे भरून घेतली होती. आलेला माणूस म्हणाला, बोर्ड त्यात येत नाही. मी 8,600 रुपये दिले, वर त्याला चहा पाजला. रात्री कार्ड काढून वाचलं तर बोर्ड त्यात येत होता, सहाव्या कलमात, स्पष्ट. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, तो मी निदान वीस जणांना पाठ करून दिला असेल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करायला शुल्क लागत नाही, हेही मीच लोकांना सांगतो. स्वतः मात्र 'कोण डोकं लावत बसणार' म्हणून कार्ड खणात परत ठेवलं. कंपनीसमोर माझी जीभ उचलली गेली नाही. मुलासमोर ती तासभर चालली होती.

आणि माझा फोन? मुलाला परवानगी आणि मालकी यांतला फरक शिकवला त्याच वर्षी मी हप्त्यांवर फोन घेतला, त्या प्लेस्टेशनच्या निम्म्याहून जास्त किमतीचा. तो सुरू करताना किती वेळा 'मान्य आहे' दाबलं ते मोजलं नाही. त्यातली एकही अट वाचली नाही. फोनमध्ये स्वतःच एक मोजणी असते. ती परवा उघडली. गेल्या आठवड्यात रोजचे सरासरी चार तास दहा मिनिटं. मुलाने कागदावर मागितले होते रोजचे दीड तास.

तरीही मुळाशी अजून पोचलो नव्हतो. पन्नास हजार तेव्हा जड होते, पण अशक्य नव्हते. डोळे बिघडतील, अभ्यास बुडेल, ही कारणं खोटी नसली तरी खरी नव्हती. खरं कारण इतकं क्षुद्र आहे की लिहिताना हात अडखळतो. आमच्या हॉलमध्ये एकच टीव्ही आहे. संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसतो, चार माणसं एकमेकांवर ओरडत असतात आणि मी त्यांना चर्चा म्हणतो. ते यंत्र आलं असतं तर त्या टीव्हीवर असं काही दिसलं असतं जे मला कळत नाही, आणि त्यात माझा मुलगा तरबेज असता. सोफा माझा राहिला नसता.

त्या फुलस्केपची शेवटची ओळ मी मुद्दाम मागे ठेवली होती. ती अशी आहे: 'टीव्ही संध्याकाळी 7 ते 9 बाबांचा.'

म्हणजे त्याला माहीत होतं. मी लपवायच्या आधीच त्याने माझं कारण ओळखलं होतं आणि त्याची सोयही करून ठेवली होती.

मुलगा आता पुण्यात हॉस्टेलवर, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. रात्री फोन केला आणि डिस्कबद्दलचं सगळं सांगून टाकलं. तो हसला. "मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. तू डिस्कचं बोलतच नव्हतास."

"मग बोलला का नाहीस?"

"काय उपयोग? तू आणखी दोन उदाहरणं दिली असतीस."

आता घेऊ या का, असंही विचारलं. म्हणाला, "आता वेळ कुठे आहे?" मी गप्प झालो. पैसे जमवून यंत्र कधीही आणता येईल. दहावीनंतरची ती रिकामी सुट्टी कुठल्या दुकानात मिळणार?

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की कंपन्यांबद्दलचा माझा संशय चुकीचा होता. यंत्र स्वस्तात द्यायचं आणि कमाई खेळांमधून करायची, हा या धंद्याचा जुना रिवाज आहे. जुनी झालेली यंत्रं स्वस्त होतात असा आपला अनुभव. प्लेस्टेशन 5 मात्र 2022 च्या नोव्हेंबरात 54,990 ला गेला. डिजिटल वस्तू घेणाऱ्याला 'ही मालकी नाही, परवाना आहे' हे स्वच्छ सांगण्यासाठी कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला, तो 2025 पासून लागू झाला. हा संशय मी सोडणार नाही. पण शंभर शंकांमधली एकही स्वतःच्या हेतूवर घेतली नाही, ही माझी चूक आहे. ती वयावर किंवा काळजीवर ढकलता येणार नाही. जवळच्या माणसाला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणावं. त्यासाठी तत्त्वाला वेठीला धरू नये.

फुलस्केप रद्दीत दिला नाही. वॉशिंग मशीनचं कार्ड आणि 8,600 ची पावती खणातून काढून त्याच्याच शेजारी ठेवली आहे. सोमवारी 1915 ला फोन लावला, तक्रार नोंदवली. तेवढ्याने भागलं नाही तर आयोगाकडे जायचं. तिथे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. माझे सात महिने उरले आहेत.