दिसणे आणि दिपणे

परवा एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आला. गावकऱ्यांनी वर्गणी काढून पाचवीच्या वर्गात नवा फळा बसवला होता. आपल्या ओळखीचा काळा फळा नव्हे. पांढरा शुभ्र, समोर प्रोजेक्टर टांगलेला, आणि बोट टेकवताच चित्र हलवणारा. अपूर्णांकांचा पाठ चालू होता. गुरुजी मोठ्या हौसेने वर्तुळांचे तुकडे पाडीत होते, तुकड्यांत रंग भरीत होते. उत्तर झळकले की फळाच टाळ्या वाजवी. मुले हरखून गेली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीचा हात मात्र सारखा वर जाई आणि दमून खाली येई. घंटा झाली. गुरुजींना तो हात दिसलाच नाही. दिसणार कसा? तेही फळ्याकडेच पाहत होते!

मधल्या सुट्टीत मी तिला विचारले, “काय विचारायचे होते ग तुला?” ती लाजत म्हणाली, “आमच्या घरी आई भाकरीचे चतकोर करते. एक मोठा होतो, एक लहान. मग त्याला पाव म्हणायचे का?”

मी चकित झालो. अपूर्णांकांचे सारे मर्म त्या प्रश्नात होते. फळ्यावरचे तुकडे मुळात सारखेच पडत होते. म्हणून ते सारखे असावे लागतात, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न मला छळतो आहे. मुलाला दिपवण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? दिव्याने दिसते हे खरे. पण दिव्यानेच डोळे दिपतातही. दिपलेले मूल गप्प बसते, आणि आपण त्या गप्प बसण्याला समजणे म्हणतो.

याचा दोष यंत्राला देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण काळ्या फळ्यापुढे पाठ फिरवून तासभर लिहिणारे गुरुजी आपणही पाहिले आहेत. उलट, पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी आठवा. धूळ पसरायची, मुलाने तीत अक्षर गिरवायचे, चुकले की हात फिरवून पुन्हा गिरवायचे. पाटी साधी होती, पण बोट मुलाचे होते. १९८७ साली सरकारने खडू-फळा मोहीम काढली, कारण कित्येक शाळांत साधा फळाही नव्हता. त्यानंतर चारच वर्षांनी, १९९१ साली, कॅनडातील एका कंपनीने हा बोटाने चालणारा फळा बाजारात आणला. गंमत अशी, की बोटाने लिहिण्याची सोय परत आली, पण बहुतेक वेळा ते बोट गुरुजींचे असते.

मग प्रत्येक मुलाला फळ्यापाशी बोलवावे काय? तेही इतके सरळ नाही. लंडनच्या माध्यमिक शाळांत असे फळे मोठ्या संख्येने बसवले गेले. त्यांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षात तरी मुलांच्या गुणांत लक्षणीय फरक दिसला नव्हता. आणि अभ्यासात मागे असलेल्या वर्गांत मुले एकेक करून फळ्याशी येऊ लागली, की साऱ्या वर्गाचीच गती मंदावे. एक मूल बोट टेकवते, बाकीची वाट पाहतात. वाट पाहणे म्हणजे शिकणे नव्हे.

मला वाटते, उत्तर जुन्या पाटीपाशीच आहे. गुरुजींनी आधी प्रश्न टाकावा: अर्धी भाकरी आणि एक तृतीयांश भाकरी मिळून किती? प्रत्येकाने आपापल्या पाटीवर लिहावे. कोणीतरी अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ लिहिणारच. ते उत्तर, लिहिणाऱ्याचे नाव न सांगता, मोठ्या फळ्यावर यावे आणि शेजारी भाकरी काढावी. मग मुलेच ओरडतील, “अहो, हे तर अर्ध्याहूनही कमी झाले!” तुकडे सारखे नाहीत म्हणून हिशेब फसला, हे तेव्हा कळेल. मग भाकरीचे सहा सारखे भाग पाडावेत. अर्धीचे तीन, तृतीयांशाचे दोन, मिळून ५/६. चूक पुसून टाकू नये, साठवून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावी. ही सोय काळ्या फळ्याला नव्हती. पण साठवायची ती चूक, चुकणारा नव्हे.

निघताना मी गुरुजींना तो चतकोराचा प्रश्न सांगितला. ते क्षणभर ओशाळले, मग मोकळेपणाने हसले. पुढचा तास भाषेचा होता, तरी त्यांनी त्या मुलीला पुढे बोलावले आणि आईचे चतकोर काढून दाखवायला सांगितले. ती प्रकाशाच्या आड आली आणि तिची सावली भाकरीवर पडली. मुले हसली. ती थोडी बाजूला सरकली, आणि तिने बोटाने दोन वाकड्या रेघा ओढल्या. चार तुकडे झाले, चारही वेगळे.

फळा टाळ्या वाजवायचा थांबला होता. वर्गातून मात्र एकदम सात-आठ हात वर झाले होते.